मधल्या ताटल्यांची पंगत : वाटून खायच्या रेस्टॉरंटात कसं जेवावं

माझ्या आईने करी रोडच्या चाळीत पंधरा-सोळा वर्षं खानावळ चालवली. बावीस गिरणी कामगार, दोन वेळचं जेवण, पैसे महिन्याच्या महिन्याला. बहुतेक माणसं सातारा-रत्नागिरीकडची, घरदार गावी ठेवून आलेली. पाळी सुटली की सात-आठ जणांची पंगत बसायची, ती उठली की दुसरी. वाढायची आई स्वतः. पातेल्यात बांगड्याचे तुकडे किती उरलेत, जिन्यात अजून किती माणसं उभी आहेत, कुणाची रात्रपाळी आहे, कुणाला कालपासून ताप आहे, हे सगळं तिला डाव हातात घेतानाच ठाऊक असायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षभरात माणसं एकेक करून गावी गेली. खानावळ बंद झाली. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

आता त्याच गिरणगावात, गिरण्यांच्या जुन्या आवारांत, नवी भारतीय रेस्टॉरंटं आहेत. कमला मिलमध्ये २०१५ साली ‘द बॉम्बे कॅन्टीन’ सुरू झालं. मुंबईत जन्मलेले आणि १९९८ पासून न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ चालवून नाव कमावलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ त्याच्या संस्थापकांपैकी एक. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या मोठ्या पाककला स्पर्धेच्या अंतिम फेरीत २०११ साली त्यांनी उपमा करून वाढला आणि ती स्पर्धा जिंकली. २०२० च्या मार्चमध्ये ते कोविडने गेले. आपलंच जेवण, आपलेच जिन्नस, पण मांडणी नवी आणि ताटल्या सगळ्यांच्या मध्ये, ही पद्धत मुंबईत रुजली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

अशाच एका ठिकाणी मी आईला पहिल्यांदा नेलं. आई, मी, नवरा आणि लेक. पहिली ताटली आली ती अळूवडीची. वर घट्ट दही, दाण्याचा भरड कूट, कढीपत्ता कुरकुरीत तळलेला. वड्या पाच, माणसं चार. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. कुणी आधी घ्यावं, किती घ्यावं, काही कळेना. आईने ताटली आपल्याकडे ओढली, काट्याची पाठ लावून प्रत्येक वडी खालून सोडवली, म्हणजे पापुद्रा तुटत नाही, आणि दह्यासकट एकेक आमच्या बशीत ठेवली. पाचवी तिने कापून चार केली नाही. “ही सकाळपासून उपाशी आहे,” म्हणाली आणि लेकीला वाढली.

त्या दिवसापासून आम्ही अशा ठिकाणी गेलो की टेबलावर एक वाढपी ठरवतो. मधोमध ठेवलेली ताटली ही पंगतच आहे, आणि वाढप्याशिवाय पंगत होत नाही. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

माणसं आणि टेबल

चार जण असावेत. दोघांत तीन पदार्थांनी पोट भरतं आणि मेन्यूतलं निम्मं राहून जातं. चौघांत सहा-सात पदार्थ चाखता येतात. सहा असाल तर प्रत्येक पदार्थाच्या वेळी “किती नग येतात?” हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण छोट्या ताटलीत बहुधा तीन ते पाच नग असतात. आठ किंवा जास्त असाल तर टेबलाचे दोन भाग समजा, दोन वाढपी नेमा आणि प्रत्येक पदार्थ दोनदा मागवा. लांबट टेबलाच्या एका टोकाची ताटली दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिच्यातलं चांगलं संपलेलं असतं.

बुकिंग ॲपवरून करा, पण नंतर एक फोन करा. ॲपमध्ये माणसांची संख्या जाते, माणसं जात नाहीत. फोनवर सांगायच्या गोष्टी या : बरोबर वयस्कर आहेत, पाठीची खुर्ची हवी, उंच स्टुलाचं टेबल नको. स्पीकरपासून आणि बारपासून लांबची जागा द्या. कुणाला कशाची ॲलर्जी आहे. कोण शाकाहारी, कोण जैन, कोणाचा उपास. आईचा सोमवार असतो, तिला संध्याकाळी उपास सोडायला गरम काहीतरी लवकर लागतं. हे मी एकदा फोनवर सांगितलं होतं तर बसल्या बसल्या तिच्यासमोर वरणाची वाटी आली.

वेळ संध्याकाळी सात-साडेसातची घ्या. स्वयंपाकघर ताजं असतं, वाढणाऱ्यांना बोलायला सवड असते आणि गाण्यांचा आवाज चढलेला नसतो. नऊनंतर आईसारख्या माणसाला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि वाटून खाताना बोलणं ऐकू येणं गरजेचं असतं. आठवड्यातली दुपार तर सगळ्यात उत्तम. उशीर होणार असेल तर कळवा. पंधरा-वीस मिनिटांपलीकडे टेबल धरून ठेवत नाहीत.

एक खात्री आधी करून घ्या. काही रेस्टॉरंटांत ठरलेला टेस्टिंग मेन्यू असतो : आठ-दहा टप्पे, प्रत्येकाला आपली आपली छोटी ताटली, क्रम शेफचा. महालक्ष्मीचं ‘मास्क’, २०१६ पासूनचं, त्याच तऱ्हेचं. तो अनुभव वेगळा, तिथे वाढप्याचं काम नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातलं (बीकेसी) ‘ओ पेद्रो’, २०१७ चं, गोव्याच्या जेवणाचं. तिथे मात्र पोई, म्हणजे गोव्याचा पाव, तोडून सगळ्यांनी एका वाडग्यातलं पुसून खावं असाच थाट आहे.

मेन्यू पानासारखा वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. या मेन्यूंवर पदार्थाचं नाव असतं आणि खाली जिन्नस स्वल्पविराम देऊन लिहिलेले असतात. पदार्थ तळलेला आहे की उकडलेला, तिखट आहे की आंबट, हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे लोक नावावर भाळून चार पदार्थ मागवतात आणि चारही तळलेले निघतात.

मी आईच्या पानाचा हिशेब लावते. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी, रस्सा. मध्ये भात, पोळी. डावी बाजू थोडी थोडी आणि जिभेला जागं करणारी, उजवी बाजू पोटाची. मेन्यूतल्या छोट्या ताटल्या म्हणजे डावी बाजू, मोठ्या ताटल्या म्हणजे उजवी. डावीकडून तीन निवडताना एक कच्चं किंवा थंड, एक कुरकुरीत, एक आंबट-गोड असं बघा. उजवीकडून एक रस्स्याचं आणि एक कोरडं. त्याच्याबरोबर भात किंवा भाकरी-कुलचा-पाव यांपैकी एकच. दोन रस्से घेतले की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि एकाचीही चव राहत नाही.

चौघांचं आमचं गणित असं : आधी तीन छोट्या, मग एक किंवा दोन छोट्या आणि एक मोठी, बरोबर भात किंवा पोळीचा प्रकार. पोट बघून आणखी एक मोठी. शेवटी एक गोड, चमचे चार. एवढं पुरतं. दारू न घेता मुंबईत आमचं बिल साधारण पाच ते साडेसात हजारांत येतं. खर्च लहान नाही, म्हणूनच नीट मागवावं.

मेन्यूवरच्या अनोळखी शब्दांना घाबरू नका आणि लाजूही नका. गोंधोराज म्हणजे बंगालचं सुवासिक लिंबू. अखुनी म्हणजे नागालँडकडचं आंबवलेलं सोयाबीन, वास उग्र, चव खोल. पहिल्यांदा थोडं घ्या. चाक-हाव म्हणजे मणिपूरचा काळा तांदूळ, शिजला की जांभळा होतो. गुच्छी म्हणजे हिमालयातली रानटी अळंबी, ती महागच असते. तिरफळ हा मसाला आपलाच, कोकणातला. दाताखाली बी आली तर बाजूला काढा. ‘एग्ज केजरीवाल’ हा पदार्थ मुंबईच्या विलिंग्डन क्लबातला : पावावर चीज, हिरवी मिरची आणि वर अंडं. नाव ऐकून काही मोठं येईल असं वाटतं, येतो तो साधा आणि फार चांगला नाश्ता.

विचारायचं कसं, तर जिन्नस धरून विचारा. “हे चांगलं आहे का?” याला कोण नाही म्हणेल? पहिल्या पावसानंतर एका रेस्टॉरंटात रानभाज्यांचा मेन्यू होता आणि त्यात शेवळं होती. आईने कॅप्टनला, म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला, जवळ बोलावलं. “बाळा, शेवळात काकड घातलंय का?” शेवळाला खाज असते, काकडाच्या फळाने ती मरते; ठाणे-रायगडकडच्या कुठल्याही घरात हे ठाऊक असतं. कॅप्टन प्रामाणिक होता. “आजी, मला माहीत नाही, विचारून येतो,” म्हणाला. आतून तो आला तेव्हा त्याच्याबरोबर पांढऱ्या कोटातली एक तरुण मुलगी होती, हातात वाटी आणि वाटीत सहा-सात हिरवी काकडं. “घातलंय आजी, बघा,” म्हणाली. आईने एक फोडून वास घेतला आणि मगच शेवळं मागवली. मटणासारखी लागतात म्हणतात तशीच लागली. त्या मुलीने पुढे आम्हाला सांगितलं की त्या दिवशीचा मासा कोणता ताजा आहे आणि कुठला पदार्थ आमच्या आईला तिखट होईल. नेमका प्रश्न विचारला की आतली माणसं मोकळी होतात, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

ॲलर्जीबद्दल मात्र एकदा फोनवर सांगून थांबू नका, टेबलावर पुन्हा सांगा. काजूची पेस्ट रस्स्यांत आणि कबाबांच्या मुरवणात दिसत नाही. दाण्याचं तेल, मोहरीचं तेल, सुकटीची पूड या गोष्टी मेन्यूवर लिहिलेल्या असतीलच असं नाही. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर तळणाचं तेल आणि तवा वेगळा आहे का ते विचारा. आणि गोडातली दारू तपासा. बॉम्बे कॅन्टीनचा ‘गुलाब-नट’ प्रसिद्ध आहे, गुलाबजामाचा डोनट आणि पिस्त्याचं क्रीम, पण तो ओल्ड मंक रममध्ये भिजवलेला असतो. घरात कुणी घेत नसेल तर हे खाऊन झाल्यावर कळू नये.

एकदम मागवू नका

माझ्या नणंदेच्या वाढदिवसाला आम्ही सहा जण गेलो होतो, कुठे ते महत्त्वाचं नाही. सगळ्यांना भूक लागलेली, त्यामुळे अकरा पदार्थ एका दमात सांगितले. वीस मिनिटांत टेबल भरून गेलं. पुऱ्यांत पाणी मुरलं, रावस निवाला, कबाबावरची चरबी थिजली. ताटल्यांवर ताटल्या चढवल्या. नणंद शाकाहारी; तिचे तीन पदार्थ सगळ्यात शेवटी आले, तोवर बाकीच्यांची पोटं भरलेली आणि ती कोरड्या पोळीचे तुकडे मोडत बसलेली. तिच्याच वाढदिवसाला. मला ते अजून बोचतं.

असं होतं त्याचं कारण आत आहे. या स्वयंपाकघरांत थंड पदार्थ एकीकडे होतात, तळण दुसरीकडे, तंदूर तिसरीकडे, तवा-कढई चौथीकडे. जे तयार होईल ते बाहेर पडतं. ‘जसं होईल तसं येईल’ असं सुरुवातीला सांगतात ते याच अर्थाने. तुम्ही अकरा सांगितले की चारही चुली एकदम पेटतात.

म्हणून ऑर्डर हप्त्या-हप्त्याने द्या. पहिल्या तीन छोट्या सांगा आणि मेन्यू परत देऊ नका. वाढणाऱ्याला साध्या शब्दांत सांगा, “दोन-दोन करून आणा, हे संपलं की पुढचं सांगतो.” त्यांनाही ते आवडतं, टेबलावर जागा राहते. शाकाहारी माणसाचा एक पदार्थ पहिल्याच हप्त्यात असू द्या. तंदुरातलं किंवा सावकाश शिजणारं काही हवं असेल तर त्याला किती वेळ लागतो ते आधी विचारा. वीस-पंचवीस मिनिटं लागणारा पदार्थ पहिल्या हप्त्याबरोबरच सांगून ठेवावा, म्हणजे तो बरोबर मध्यावर येतो.

पाण्याचं : “स्टिल की स्पार्कलिंग?” असं विचारतात, दोन्ही बाटलीचं आणि बिलात लागणारं. साधं फिल्टरचं हवं असेल तर तसं सांगा, विनासंकोच.

वाढप्याचं काम

वाढपी टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसवा, ज्याचा हात सगळीकडे पोचतो. तो घरातला सगळ्यात मोठा असावा असं नाही. आमच्याकडे आता लेक वाढते, आईकडे बघून शिकली.

ताटली आली की पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करायचं ते पदार्थावर आहे. शेव, कुरमुरे, पुरी, लाह्या असं काही असेल तर लगेच वाढा, फोटोसुद्धा नंतर. रस्सा असेल तर दोन मिनिटं निवू द्या. वर काही रचलेलं असेल तर वेटरला विचारा की ढवळून घ्यायचं की थरांसकट उचलायचं. बऱ्याच पदार्थांत तळाशी चटणी पसरलेली असते आणि वरवरचं उचललं की ती ताटलीतच राहते. अळूवडीचं मी सांगितलंच : काटा उलटा धरून खालून सोडवायची. कबाब काट्या-सुरीने कापू नका, चमच्याच्या कडेने तोडा, धागे धरून राहतात. मासा असेल तर मधला काटा वाढप्याने आधी काढावा आणि मगच वाटावा. आई बोटांनी काढते. ती पाठीच्या बाजूने अंगठा आत घालते, काटा हलका उचलते आणि शेपटीपर्यंत एका ओढीत बाहेर काढते. पॉपलेट तिच्या हातात वहीसारखं उघडतं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघत होती आणि तिला त्याचं काही वाटलं नाही, वाटायचं कारणही नाही. हाताने खायचं जेवण आहे हे, हाताने खा. बोटं धुवायला गरम पाण्याची वाटी मागितली की देतात.

प्रत्येक ताटलीला वेगळा वाढायचा चमचा मागा. उष्ट्या चमच्याने मधल्या ताटलीतलं घेणं अजूनही आपल्यात बऱ्याच जणांना चालत नाही, आणि ते योग्यच आहे. शाकाहारी ताटल्या टेबलाच्या एका बाजूला ठेवा, त्यांचे चमचे तिकडचे इकडे येऊ देऊ नका. मासे झाल्यावर आणि गोडाआधी बशा बदलून मागा. सांगितल्याशिवाय कधी बदलतात, कधी नाही.

तीन नग आणि चार माणसं असा पेच आला तर सरळ विचारा, “एक नग वाढवून मिळेल का?” बरीच रेस्टॉरंटं त्या एका नगाचे पैसे लावून देतात. नाही म्हणाले तर वाढपी ठरवेल. त्याच्याशी वाद घालायचा नाही, एवढा नियम घरी करून जा. वाढप्यानेही एक पाळावं : दुसऱ्याला वाढताना त्याच्या तोंडाकडे बघावं. आईला बिटाचा एक पदार्थ आवडला नव्हता, ती बोलली नाही, पण घास गिळताना तिने पाण्याचा पेला उचलला. लेकीने ते पाहिलं आणि पुढचा वाटा तिला वाढलाच नाही. आग्रह करायचा तर एकदाच करावा. ताटलीत शेवटचा घास उरला की सगळे संकोचाने बघत बसतात. तो कुणाचा हे वाढप्याने नाव घेऊन सांगावं.

वाढप्याचं जेवण मागे पडतं, हे लक्षात ठेवा. खानावळीत आई शेवटी जेवायची आणि पातेल्यात उरेल ते जेवायची. म्हणून आमच्याकडे आता पहिला वाटा वाढप्याच्या बशीत आधी काढून ठेवतो.

बिल

पैसे कोण देणार, वाटून द्यायचे का, हे टेबलावर ठरवू नका. घरून ठरवून जा. वाटून खाल्लेल्या जेवणात कुणी काय खाल्लं याचा हिशेब लागत नाही, समान वाटणी करा. जो पीत नाही त्याला मात्र दारूच्या बिलातून वगळा.

बिल वाचा. रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर जातं, त्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के. दारूवर जीएसटी नाही, तिथे राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे तिची ओळ वेगळी दिसते.

सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट. तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून तो आपोआप बिलात लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. तरी एका ठिकाणी आमच्या बिलात दहा टक्के लावलेले होते. मी शांतपणे सांगितलं, “हा काढून द्या, टिप आम्ही वेगळी देतो.” नवीन बिल आलं. काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि टिप खरोखर द्या, रोख, ज्याने वाढलं त्याच्या हातात. लंडनला माझा भाऊ राहतो, तिकडे बिलात बहुधा साडेबारा टक्के ऐच्छिक म्हणून लावलेले असतात. त्यावर पुन्हा टिप द्यायची गरज नाही, आणि सेवा पटली नाही तर तेही काढून घेता येतात.

उरलेलं बांधून घ्या. रस्सा आणि भात बांधण्यासारखे असतात. चाटचे प्रकार आणि तळलेलं बांधू नका, घरी जाऊन फेकलंच जातं. डबा हातात आला की त्यावर पदार्थाचं नाव लिहायला सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये तीन सारखे डबे असतात आणि शाकाहारी कोणता ते कळत नाही.

निघताना वाढणाऱ्याचं नाव विचारा. या रेस्टॉरंटांत प्रत्येकाला ठरावीक टेबलं वाटून दिलेली असतात. पुढच्या वेळी फोन करताना त्याच्याकडचं टेबल मागता येतं आणि तो तुमची माणसं, तुमचे उपास ओळखत असतो. आम्ही शेवळं खाल्ली त्या कॅप्टनला आईने जाता जाता विचारलं, “तुम्ही कधी जेवता रे?” तो म्हणाला, साडेचार वाजता, दारं उघडायच्या आधी, सगळे एकत्र. आज काय होतं, तिने विचारलं. अंडाकरी, भात आणि कांदा. “वाढतं कोण?” आई म्हणाली. तो हसला आणि पांढऱ्या कोटातल्या त्या मुलीकडे बोट दाखवलं.